चार हजार एकशे ऐंशी मीटर

३ नोव्हेंबर, सोमवार

ही वही जुलैत मिळाली. आज नोव्हेंबर. मधले चार महिने एक ओळ लिहिली नाही, कबूल. नगरला तीन दिवसांचं ट्रेनिंग झालं तेव्हा फराजभाईंनी सगळ्यांना एकेक वही दिली आणि सांगितलं, रोजचं काम रोज लिहायचं, फायबरवाल्याची अर्धी अक्कल वहीत असते. माझी पूर्ण डोक्यात असल्यामुळं घाई केली नाही. शिवाय पेन नव्हतं. पेन मिळालं तेव्हा वही सापडेना. आईनं ती हलणाऱ्या कपाटाखाली सारली होती.

आजपासून नियमित. रोज रात्री जेवणाआधी एक पान.

आधी माझी ओळख लिहितो, पुढं कामाला येईल. सुप्याच्या एमआयडीसीत पॅकिंगला होतो, फोरमन नालायक निघाला. जेसीबीवर होतो, मालक नालायक. द्राक्षाच्या गाडीवर क्लीनर म्हणून नाशिकपर्यंत गेलो, ड्रायव्हर तर विचारूच नका. अकरावीत मास्तर. इतकी नालायक माणसं एकाच माणसाच्या वाट्याला कशी येतात हा अभ्यासाचा विषय आहे. पण फायबर ही माझी लाईन आहे. फाट्यावरच्या मशीनच्या खोलीपासून आमच्या गावच्या ग्रामपंचायतीपर्यंत सहा किलोमीटर केबल गाडायची. ठेकेदार काकासाहेब. साईट इन्चार्ज मी. काकासाहेब सगळ्यांसमोर मला 'ए गडी' म्हणतात, पण ती त्यांची बोलायची पद्धत आहे.

आता मुख्य गोष्ट. माझी धाकटी बहीण निकिता. तिला पुण्याच्या एका कंपनीत काम मिळतंय, घरी बसून गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायची. अट एकच, २४ तारखेला सकाळी दहा ते एक ट्रायल, आणि तेवढ्यात नेट एकदाही तुटता कामा नये. आमच्या गावात मोबाईलला एक काडी येते, तीही मारुतीच्या देवळामागं पाण्याच्या टाकीवर चढल्यावर. वडील, म्हणजे तात्या, म्हणाले, घरात बसून करती तर करू दे, पर पुण्याला एकटी न्हाई जायची. आन् हे जमलं न्हाई तर कर्जतच्या पाव्हण्यांना मी व्हय म्हणून टाकतो. कर्जतचा मुलगा साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर आहे. निकिता त्याच्याबद्दल काही बोलत नाही. तेच बोलणं.

मी तिला सांगितलं, वीस तारखेच्या आत तुझ्या टेबलावर फायबर. शब्द.

४ नोव्हेंबर

आज निकिताला फायबर समजावून सांगितलं. तिनं विचारलं नव्हतं.

काचेचा केसाएवढा धागा. त्याच्या पोटात आणखी बारीक काच, वेगळ्या जातीची. त्या आतल्या काचेत लेझरचा उजेड सोडायचा. तो कडेला जाऊन आपटतो, पण इतका तिरका आपटतो की बाहेर पडताच येत नाही, पुन्हा आत. असा आपटत आपटत सहा काय, साठ किलोमीटर जातो. तो उजेड सेकंदाला कोट्यवधी वेळा चालू-बंद, चालू-बंद. ते चालू-बंद म्हणजेच आपलं बोलणं, फोटो, व्हिडिओ, सगळं. तारेत वीज जाते, यात उजेड जातो. एवढाच फरक, पण जग बदललं.

निकिता म्हणाली, मग धागा फार मुडपला तर उजेड बाहेर सांडेल की. मी म्हटलं, तो कशाला मुडपेल. हे बहुतेक ट्रेनिंगच्या दुसऱ्या दिवशी शिकवलं असणार. दुसऱ्या दिवशी मी भुईकोट किल्ला बघायला गेलो होतो.

६ नोव्हेंबर

कागदावर लिहिलंय पाच फूट खोल. ज्यानं कागद लिहिला त्यानं आमच्याकडचा मुरूम बघितलेला नाही. दीड फुटावर पहार टणकन वाजते. जमीनच नको म्हणते तर जबरदस्ती कशाला. दीड फुटावर केबल सोडली. रजिस्टरला पाच लिहिलं, कारण शेजारच्या सगळ्या रकान्यांत पाच आहे आणि पान नीटनेटकं दिसलं पाहिजे.

दुसरं. दर पाचशे मीटरला एक चेंबर, म्हणजे सिमेंटचा छोटा हौद. प्रत्येक हौदात वीस मीटर केबलचं वेटोळं सोडायचं, त्याला लूप म्हणतात. कशासाठी? तर पुढंमागं तुटली की ढील ओढून जोडता यावी. म्हणजे तुटणार हे आजच धरून चालायचं! अशुभ बोलणं काय कमी आहे गावात? मी केबल सरळ नेली, ताठ, बघत राहावी अशी. रजिस्टरला बारा वेळा लिहिलं, 'लूप २० मी. सोडला.' अक्षर सुंदर आलं.

८ नोव्हेंबर

लूप न सोडल्यामुळं ड्रमवर दोनशे चाळीस मीटर केबल उरली. कंपनीची एवढी बचत आजवर कुणी केली नसेल. पण काकासाहेबांना समजावून सांगणं कठीण, त्यांचा आवाज लगेच चढतो. म्हणून वाटून टाकली.

पहिली लंकाबाई चुलतीला. ओढ्याजवळच्या वस्तीवर राहते. तिची कपड्यांची दोरी कायम तुटते. चाळीस मीटर दिली, दोन लिंबांमध्ये चार गाठी मारून ताणून बांधली. ती म्हणाली, भागवता, लई गुणाची दोरी हाय रं, गंजत न्हाई का ताणत न्हाई, सरकारनं पयल्यांदा कायतरी कामाचं दिलं. दुपारपर्यंत आणखी पाच घरं मागायला आली. सगळ्यांना सारखी दिली, चाळीस-चाळीस. गावाला फायबरचा फायदा नेट यायच्या आधीच सुरू झाला, हे कुठल्या जिल्ह्यात घडलंय?

१२ नोव्हेंबर

फराजभाई नगरहून जोडणीचं मशीन घेऊन आले. धागा सोलला, स्पिरिटनं पुसला, टोक एकदम सपाट कापलं, दोन टोकं समोरासमोर ठेवली. मशीननं बारीक ठिणगी टाकली आणि दोन काचा एक. सांधा सापडत नाही. मी टोक डोळ्याला लावून उजेड येतो का बघायला गेलो, तर त्यांनी कॉलर धरून मागं ओढलं. म्हणाले, अबे भागवत, हा उजेड डोळ्याला दिसत नाही, डोळा मात्र घेऊन जाईल. दिसत नाही म्हणजे नाही, असं समजतोस काय? मी म्हटलं, मी चेक करत होतो तुम्ही लक्ष ठेवता का.

संध्याकाळी सहाला ग्रामपंचायतीत हिरवा दिवा. तिथून आमच्या घरी वायर. सातला निकिताच्या टेबलावर हिरवा दिवा. तिनं तीन व्हिडिओ एका वेळी लावले, एकही अडकला नाही. तात्या खाटेवर बसून अर्धा तास त्या दिव्याकडं बघत होते. मग म्हणाले, कर्जतवाल्यांना थांबा म्हणून कळवतो. निकिता म्हणाली, दादा, तू खरंच केलंस.

'खरंच' हा शब्द मला खटकला. पण सोडून दिलं. मोठी माणसं सोडून देतात.

वीसचा शब्द, बारालाच पाळला. इथून पुढं माझ्या बोलण्यावर कुणी शंका घेऊ नये.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज सगळ्या रस्त्यावर केबलवर माती नीट दाबायची होती. निघालोही होतो. फाट्यावर ओळखीचा टेम्पो भेटला, काष्टीच्या बाजाराला शेळ्या घेऊन चाललेला. म्हटलं जावं, तिथल्या लोकांत फायबरची जागृती करावी. दिवसभर शेळ्यांत. एकानं विचारलं, ह्या केबलनं दूध वाढतंय का. देश पुढं जाणं अवघड आहे.

माती उद्या.

१८ नोव्हेंबर

माती राहिली. पण त्याहून महत्त्वाचं काम झालं. गावात फायबर आलं आणि आणणाऱ्याचं नाव कुठंच नाही, हे मलाच बरं वाटेना. जामखेडला जाऊन फ्लेक्स करून आणला. दहा बाय आठ. वर 'डिजिटल गाव, प्रगत गाव', मधे माझा गॉगलवाला फोटो, खाली 'फायबररत्न भागवतभाऊ यांचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक: समस्त ग्रामस्थ.' समस्त ग्रामस्थांना सांगायचं राहिलं, पण त्यांची हरकत नसणार.

जागा खूप विचार करून निवडली. लंकाबाईच्या वस्तीच्या थोडं पुढं, ओढ्याच्या वळणावर. तिथं एसटी हळू होते, म्हणजे फोटो नीट वाचता येतो. दोन बांबू मीच रोवले. साडेसहाला दुसरा खड्डा पुरा झाला. या मुरमात आयुष्यात पहिल्यांदा पहार मऊ लागली. एखादं मूळ असावं. चार घाव घातले, तुटलं.

फ्लेक्स फार उठून दिसतो.

१९ नोव्हेंबर

काल संध्याकाळी साडेसहापासून नेट नाही. लाल दिवा. निकितानं रात्रीच सांगितलं होतं, मी म्हटलं, सकाळपर्यंत येईल, उजेड आहे, थकतो. सकाळीही लाल.

कारणं: (एक) उंदीर. (दोन) शेजारच्या गावाचा जळफळाट, त्यांच्याकडं अजून केबल आली नाही. (तीन) फराजभाईंची जोडणी.

मला तिसरं वाटतं.

२० नोव्हेंबर

फराजभाई पाथर्डीकडं अडकलेत, परवा येणार. निकितानं दिवसात नऊ वेळा विचारलं. मी प्रत्येक वेळी शांतपणे सांगितलं. आठव्या वेळी जरा ओरडलो. प्रेशर माझ्यावर आहे, हे घरात कुणाच्या लक्षात येत नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

फराजभाई एक नवं मशीन घेऊन आले. फाट्यावरच्या खोलीत केबलच्या टोकाला लावायचं. ते उजेडाचा एक ठोका आत सोडतं, तुटलेल्या ठिकाणी आपटून तो परत येतो, आणि किती वेळात आला त्यावरून किती लांब तुटलंय ते दाखवतं. विहिरीत दगड टाकून पाणी किती खोल आहे ते ऐकतो तसं. आकडा आला: चार हजार एकशे ऐंशी मीटर.

फराजभाईंनी माझं रजिस्टर उघडलं. म्हणाले, केबल चार हजार एकशे ऐंशी, पण रस्ता तेवढा नाही. आधीच्या आठ चेंबरमध्ये वीस-वीसचे लूप, म्हणजे एकशे साठ मीटर केबल नुसती वेटोळ्यात. ती वजा कर. रस्त्यानं चार हजार वीसवर खोदायचं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, लूप सोडलेत ना रे? मी म्हटलं, रजिस्टरला आहे. ते म्हणाले, रजिस्टरला विचारत नाही, तुला विचारतोय. मी म्हटलं, फराजभाई, माणसावर विश्वास ठेवायला शिका.

चेंबर उघडून बघू म्हणाले, तर झाकणांवर रस्तेवाल्यांनी मुरूम टाकून रोलर फिरवलाय. म्हणून विश्वास ठेवला.

चार हजार वीसला खोदलं. केबल सापडली. धडधाकट. फराजभाई म्हणाले, ही दीड फुटावर कशी? मी म्हटलं, जमीन खचली असेल.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळपासून नऊ खड्डे. पन्नास मीटर अलीकडं, पन्नास मीटर पलीकडं. नऊ ठिकाणी केबल ठणठणीत. सातव्या खड्ड्यात लंकाबाईची पाण्याची पाईप फुटली. ती म्हणाली, मुडद्या, दोरी दिलीस तवाच वळखायला पायजे हुतं, तू फुकट काय देत न्हाईस. सगळ्यांसमोर. मशीन खोटं बोलतंय, माझं मत पक्कं झालं. फराजभाई दुपारी कंटाळून नगरला गेले, मंगळवारी येतो म्हणाले.

संध्याकाळी निकिता खड्ड्याच्या काठावर येऊन बसली. म्हणाली, दादा, उद्या आहे ट्रायल. तुला काही माहीत असेल तर आता सांग. मी चिडणार नाही. एवढं हळू बोलली की क्षणभर सांगावंसं वाटलं. पण काय सांगणार? मी केबल वाचवली. वाचवणं हा गुन्हा आहे का? शिवाय आता सांगितलं तर वाटेल मी काहीतरी लपवत होतो.

म्हटलं, रजिस्टरला सगळं आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार, दुपारी दोन

निकिता सकाळी साडेनऊलाच लॅपटॉप घेऊन पाण्याच्या टाकीवर चढली. मोबाईलच्या त्या एका काडीवर ट्रायल. खालून आई छत्री धरू का विचारत होती. दहा वाजून बारा मिनिटांनी पहिल्यांदा तुटलं. मग सव्वादहाला. मग साडेदहाला कंपनीतल्या बाईंनी सांगितलं, आपण इथंच थांबूया.

ती उतरली, भांडी घासायला बसली. मी जवळ जाऊन म्हटलं, बघ निकू, मोबाईलचा सिग्नल हवेतून येतो, त्यामुळं. ती म्हणाली, दादा, आज मला काही समजावून सांगू नकोस.

तात्यांनी कर्जतला फोन लावला. तोही टाकीवर चढून. त्यांना मात्र लगेच लागला.

२५ नोव्हेंबर

आज जे झालं ते लिहिणार नव्हतो. पण नियमित लिहायचं ठरलंय.

निकिता सकाळी माझं रजिस्टर चाळून घराबाहेर पडली. दुपारी परत आली तेव्हा तिच्या हातात कागद होता. त्यावर सहा घरांची नावं, आणि प्रत्येकापुढं चाळीस. गावातल्या सगळ्या काळ्या दोऱ्या मोजून आली होती. खाली बेरीज, दोनशे चाळीस. त्याखाली भागाकार, बारा चेंबर, वीस. मला काही विचारलं नाही. फराजभाई आले तेव्हा कागद सरळ त्यांच्या हातात दिला. म्हणाली, वजा करायचं काहीच नाही भाई. लूप दोरीवर वाळत घातलेत.

फराजभाई हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

फाट्यापासून टेप धरून निघाले. मीही मागं होतो, इन्चार्ज म्हणून. चार हजार एकशे ऐंशी मीटर बरोबर माझ्या फ्लेक्सखाली संपले. डाव्या बांबूपाशी. बांबू उपटला, हात घातला, आणि पिवळ्या दोऱ्यांचा झुपका वर आला. केबलच्या पोटातले. चार घाव.

निकितानं वर माझ्या फोटोकडं बघितलं. मग खाली. मग घरी निघून गेली.

जोडायचं म्हटलं तर ढील नाही, मधे तुकडा घालायला पाहिजे, आणि ड्रम रिकामा. फराजभाईंनी लंकाबाईच्या दोरीचं टोक सोललं, लाल उजेडाचा पेन एका टोकाला लावला. दुसऱ्या टोकाला अंधार. एकेक धागा करून सगळे बघितले. गाठींनी आतली काच चुरून टाकलेली. लंकाबाई म्हणाली, माझी दोरी का तोडता, कपडे तर वाळत्यात की.

फाट्यावर परत आलो, तिथं रेंज येते, तर काकासाहेबांचा फोन आला. आवाज चढलेला होता. नवा ड्रम येईपर्यंत काम बंद, आणि मी कायमचा बंद. मीच राजीनामा देणार होतो. त्यांनी घाई केली.

२६ नोव्हेंबर

तात्या रागावतील अशी तयारी ठेवली होती. उत्तरं पाठ होती. तात्या रागावले नाहीत. म्हणाले, जा बाबा कुठं जायचं तिकडं. तू लांब असलास म्हंजी तुझ्यावर भरवसा ठेवायचा प्रश्न येत न्हाई. आईनं भाकरी बांधून दिली. निकिता आत होती. मी दारातून म्हटलं, येतो.

एसटी ओढ्याच्या वळणावर हळू झाली. फ्लेक्स एकाच बांबूवर लोंबत होता. दोन पोरी वाचून हसल्या. गॉगलमुळं मला कुणी ओळखलं नसावं.

२९ नोव्हेंबर

जामखेड. स्टँडसमोर दाऊदभाईंच्या हॉटेलात रुजू झालो. गिऱ्हाइकांसाठी इथं फायबर आहे, त्यामुळं माझ्या अनुभवाला वाव आहे. तूर्त कपबश्या आणि टेबलं, पण राऊटर माझ्या डोक्यावरच्या फळीवर असतो. घरी मेसेज केला: 'जामखेडमध्ये नेटवर्क इन्चार्ज म्हणून लागलो. काळजी नसावी.' दोन निळ्या खुणा. उत्तर नाही. कामात असतील. निघताना आईनं सांगितलं होतं, सात तारखेच्या रविवारी कर्जतचे पाहुणे निकिताला बघायला येणार आहेत.

विचार केला तर मुलगा वाईट नाही. कारखाना आहे, पक्की नोकरी आहे. एका अर्थी माझ्यामुळंच जुळलं. दहा वर्षांनी निकिता आभार मानेल. आज नाही मानणार, तेवढी अपेक्षा मी ठेवत नाही.

१ डिसेंबर

ठरवलंय. निकिताला पत्र लिहायचं. माफी वगैरे नाही, फक्त परिस्थिती. मुरूम, रजिस्टरचे रकाने, फराजभाईंचा अविश्वास. सगळं क्रमानं मांडलं की तिला कळेल. उद्या लिहितो.

२ डिसेंबर

गर्दी होती.

३ डिसेंबर, बुधवार, सकाळी पावणेअकरा

घाईत लिहितोय, पिठाच्या पोत्यांमागं बसून. निकिता आली आहे.

गावाकडच्या पहिल्या एसटीनं आली असणार. एकटी. खांद्याला लॅपटॉपची बॅग, चपला धुळीनं भरलेल्या. मी कपबश्या घेऊन बाहेर येणार तेवढ्यात आवाज ओळखला आणि आत वळलो. तिनं मला बघितलेलं नाही.

दाऊदभाईंना सांगत होती, अकरा ते दोन एक कोपरा द्या, कंपनीनं शेवटची एक संधी दिलीय, मी जितके तास बसेन तितके चहा घेते. घरी कुणाला माहीत नाही. दाऊदभाई म्हणाले, बस की बेटा, चहाचं राहू दे. तिनं विचारलं, नेट मधेच जात नाही ना? ते म्हणाले, दोन वर्षांत एकदा नाही गेलं. तिनं विचारलं, लाईन बघतं कोण? दाऊदभाई म्हणाले, बघायचं काय त्यात, कुणी हात लावत नाही म्हणून तर चालते.

ती हसली. कितीतरी दिवसांनी.

राऊटर माझ्या डोक्यावर आहे. हिरवा दिवा. मी दोन वाजेपर्यंत इथून हलणार नाही, श्वासही जपून घेणार.

दाऊदभाई हाक मारताहेत. ए भागवत, कुठं मेलास, मॅडमचं टेबल पूस.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती नाव ऐकून उठली आहे.